गिटारचा माथा : प्रस्तावना

घरच्या घरी विजेची गिटार करावयास बसलेला हौशी कारागीर धडाच्या लाकडाविषयी चार जाणत्यांना विचारतो, पिकअपच्या तारेचे वेढे मोजतो, फ्रेटच्या अंतरांचे कोष्टक दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत पडताळून घेतो. आणि मानेच्या टोकाशी, जेथे सहा तारा सहा खुंट्यांना गुंडाळावयाच्या त्या हेडस्टॉकपाशी, येऊन ठेपला म्हणजे मात्र एखाद्या नामांकित गिटारचे छायाचित्र समोर ठेवून तिची बाह्यरेषा निमूटपणे गिरवू लागतो. इतका चिकित्सक मनुष्य याच एका ठिकाणी इतका आज्ञाधारक का व्हावा, याचे कारण उघड आहे. हा हेडस्टॉक, ज्याला यापुढे आपण सोयीसाठी गिटारचा माथा म्हणू, केवळ शोभेचा व ओळखीचा भाग आहे, बळाचा आणि तोलाचा प्रश्न त्यात फारसा गुंतलेला नाही, अशी त्याची समजूत असते. आणि शोभेच्या बाबतीत प्रसिद्धाचे अनुकरण करण्यात गैर ते काय, असे त्यास वाटते. ही समजूत दूर व्हावी, एवढ्याचसाठी प्रस्तुत पुस्तकाचा खटाटोप आहे.

पुस्तकाचे प्रतिपाद्य थोडक्यात सांगावयाचे तर ते असे, की बाजारात ज्या ज्या माथ्याला कीर्ती लाभली तो तो माथा कोणत्या तरी कारखान्यापुढील विशिष्ट अडचणीचे उत्तर म्हणून जन्मास आला. कोणास स्वस्त व पातळ फळीतून झटपट मान काढावयाची होती, कोणास मेंडोलिनपासून चालत आलेली घडण सोडवत नव्हती, कोणास हलत्या ब्रिजपायी बेसूर होणारी तार ताळ्यावर आणावयाची होती, तर कोणास माथाच नकोसा झाला होता. एकच गिटार, तीही स्वतःच्या हातासाठी, करणाऱ्या मनुष्याच्या अडचणी यांहून निराळ्या असतात. त्यास दिवसाकाठी अमुक इतक्या माना उतरवावयाच्या नसतात, आणि दुसरीकडे त्याच्यापाशी कारखान्याची यंत्रेही नसतात. अशा स्थितीत त्याने दुसऱ्याचे उत्तर उसने घेतले, की त्या उत्तरामागचा प्रश्नही त्याच्या गळ्यात पडतो, आणि स्वतःचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. सबब माथ्याची निवड करावयाची ती आकृतीपासून नव्हे, तर कार्यापासून, हा या सर्व विवेचनाचा मध्यबिंदू होय.

माथा तारांचे तीन बाबतींत देणे लागतो. पहिली बाब धारणेची. सर्वांत बारीक तार ०.०१० इंच व सर्वांत जाड तार ०.०४६ इंच असा जो संच आज सर्रास वापरला जातो, तो ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर नेहमीच्या स्वरांना लावला असता प्रत्येक तार सुमारे सात ते नऊ किलोंच्या बळाने ताणलेली असते, आणि सहा तारांची बेरीज सत्तेचाळीस किलोंच्या घरात जाते. हा भार अहोरात्र, वर्षानुवर्षे, माथ्याने आणि मानेने सोसावयाचा असतो. दुसरी बाब दाबाची. मानेच्या टोकावर हाडाची किंवा कठीण प्लास्टिकची जी खाचांची पट्टी असते, जिला नट म्हणतात, तिच्या खाचेत तार घट्ट बसावी, वाजवताना उडू अथवा खणखणू नये, यासाठी नट ओलांडल्यावर तारेने थोडे खाली वळले पाहिजे. तिसरी बाब मोकळेपणाची. तार ओढून स्वर चढवला आणि सोडला, तर खाचेतून पुढे सरकलेला तिचा अंश पुन्हा जसाच्या तसा मागे आला पाहिजे. यांतील दुसरी आणि तिसरी बाब एकमेकींच्या वैरिणी आहेत. साडेसात किलोंनी ताणलेली तार नटपाशी सतरा अंशांनी वळली तर ती खाचेवर सुमारे सव्वादोन किलोंचा दाब देते, दहा अंशांनी वळली तर सव्वा किलोहून थोडा अधिक, आणि पाच अंशांनी वळली तर सहा-सातशे ग्रॅमच. दाब वाढला की घर्षण वाढते, आणि घर्षण वाढले की तार परतताना वाटेत अडकते. माथ्याची सारी विद्या या दोहोंमध्ये तडजोड घडवून आणण्यात सामावलेली आहे.

ज्यांचा हात तंबोऱ्यावर बसलेला आहे त्यांना हे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. कारण मिरजेच्या तंबोऱ्यात लाकडी खुंटी केवळ घर्षणाने आपल्या छिद्रात टिकून राहते, आणि स्वर उतरला म्हणजे संशय प्रथम खुंटीवर जातो. गिटारच्या धातूच्या खुंटीत मात्र मळसूत्र आणि दातेरी चक्र यांची जोडी असते; कळ फिरवली म्हणजे दांडा फिरतो, पण तारेने कितीही ओढले तरी दांड्याला कळ उलटी फिरवता येत नाही. त्यामुळे खुंटी सुस्थितीत असून आणि तार तिच्यावर नीट गुंडाळलेली असूनही ती ओढल्यावर उतरत वा चढत असेल, तर दोष बहुधा नटच्या खाचेत असतो, आणि त्या खाचेत तार कोणत्या दिशेने शिरते व कोणत्या दिशेने निघते हे ठरवणारा अधिकारी म्हणजे माथा.

माथा काय करीत नाही, याचाही येथेच खुलासा झालेला बरा. नटपासून खुंटीपर्यंतची तार लांब असली तर ताण वाढतो, हे मत सर्वत्र ऐकू येते व ते निराधार आहे. एखादी तार विशिष्ट स्वराला लावण्यास किती ताण लागेल हे तिचे दर लांबीमागील वजन, नट व ब्रिज यांमधील कंप पावणारी लांबी आणि तो स्वर, या तीन गोष्टींनी निश्चित होते. नटपलीकडील लांबीला त्या हिशेबात स्थान नाही. ती लांबी जाणवते ती निराळ्या रीतीने: तार आडवी ओढली असता तो पलीकडचा तुकडाही थोडा लांबतो, म्हणून तेवढाच स्वर चढवण्यास बोट अधिक दूर न्यावे लागते आणि तार मऊ भासते. जिमी हेंड्रिक्स हा वादक उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरून, तारांचा क्रम पालटून, डाव्या हाताने वाजवीत असे, तेव्हा त्याच्या जाड तारेची शेपटी सर्वांत लांब व बारीक तारेची सर्वांत आखूड होत असे. म्हणून उलट्या माथ्याच्या गिटारवर जाड तारेचा ताण वाढतो असे जे मानले जाते, त्यास आधार नाही. बदलतो तो केवळ बोटाखालचा स्पर्श.

आता इतिहासाकडे वळू. कारण आजचे रूढ आकार कोणत्या प्रश्नांतून निघाले हे समजल्याखेरीज त्यांचे गुणदोष तोलता येत नाहीत. सहाही खुंट्या माथ्याच्या एकाच बाजूस ओळीने लावण्याची कल्पना विसाव्या शतकातील कॅलिफोर्नियात उपजली, असा समज प्रचलित आहे. वस्तुतः व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असे माथे करीत होता, आणि त्याच्या परंपरेत तयार झालेला क्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली न्यू यॉर्कला जाऊन स्थायिक झाला तेव्हा त्याच्या आरंभीच्या गिटारींवरही तीच घडण होती. पुढे ती मागे पडली, आणि दोन्ही बाजूंस तीन-तीन खुंट्यांचा माथा हाच गिटारचा स्वाभाविक माथा गणला जाऊ लागला. १९४८ साली पॉल बिग्स्बी याने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव धडाची गिटार केली तीत सहा खुंट्यांची ओळ पुन्हा अवतरली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याने बाजारात आणलेल्या गिटारींवरही ती आली. कोणी कोणाचे पाहिले हा वाद जुना आहे, आणि त्याचा निवाडा करणे हे या पुस्तकाचे प्रयोजन नव्हे.

फेंडर हा स्वतः गिटारवादक नव्हता. रेडिओ दुरुस्त करण्याचा त्याचा पेशा होता, आणि त्याच्या वाद्याची रचना पाहिली म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याची नजर तीत पदोपदी दिसते. मान मेपलच्या एकाच फळीची, धडाला चार स्क्रूंनी जोडलेली, बिघडली तर काढून दुसरी बसवता येईल अशी. आणि माथा त्याच फळीतून, कोणताही कोन न देता, केवळ पृष्ठभागापासून काही मिलिमीटर खाली उतरवून कापलेला. सुमारे एक इंच जाडीच्या फळीतून अख्खी मान निघाली, लाकूड वाचले, यंत्रावरील काम सोपे झाले, आणि लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिल्यामुळे माथा बळकटही झाला. या सोयीची किंमत मात्र द्यावी लागली. माथा सपाट असल्यामुळे नटपासून दूर असलेल्या खुंट्यांकडे जाणाऱ्या बारीक तारा जवळजवळ सरळच निघत, खाचेवर त्यांचा पुरेसा दाब पडेना. तेव्हा त्यांना खाली दाबून धरणारी एक लहानशी धातूची चकती माथ्यावर स्क्रूने बसवावी लागली. ही चकती म्हणजे सपाट माथ्याने घेतलेल्या कर्जावरील व्याजच होय. ती तारेला दाब देते, आणि त्याबरोबर घर्षणाची आणखी एक जागाही देते. हल्ली निरनिराळ्या उंचीच्या दांड्यांच्या खुंट्या मिळतात. दूरच्या खुंट्यांचे दांडे आखूड असल्यामुळे चकतीची गरज पुष्कळशी कमी होते. फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचा माथा, त्याची कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेच्या ताब्यात गेल्यावर, १९६५ च्या अखेरीस मोठा करण्यात आला. खुंट्यांची मांडणी मात्र होती तशीच राहिली. आकृती आणि कार्य या किती भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

मिशिगन राज्यातील कॅलामझूच्या गिब्सन कंपनीचा मार्ग निराळा होता. १९०२ साली स्थापन झालेल्या या पेढीचा वारसा कोरीव मेंडोलिनींचा, आणि तिच्या कारागिरांच्या दृष्टीने मागे कललेला माथा हाच वाद्याचा रीतसर माथा. १९५२ साली तिने लेस पॉल नावाची भरीव गिटार काढली तेव्हा तिचा माथा सतरा अंशांनी मागे झुकलेला होता व खुंट्या दोन्हीकडे तीन-तीन होत्या. तारांना दाब भरपूर मिळाला, चकतीची गरज उरली नाही. परंतु लाकडाने आपला हिशेब दुसरीकडे चुकता करून घेतला. एकाच महोगनीच्या ठोकळ्यातून मान आणि झुकलेला माथा कोरला म्हणजे तंतू मानेच्या दिशेने धावतात आणि माथा त्यांना तिरपा छेदून जातो. पंधरा मिलिमीटर जाडीच्या व सतरा अंशांनी झुकलेल्या माथ्यात एकेक तंतू जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा उरतो. त्यातच मानेतील ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू नये म्हणून आत बसवलेली व पिळून घट्ट करता येणारी पोलादी सळई, जिचे पेटंट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यास १९२३ साली मिळाले, तिचे टोक नटच्या लगेच मागे उघडते. म्हणजे जेथे लाकूड सर्वांत कमजोर, नेमके तेथेच ते पोखरलेले. अशी गिटार उताणी पडली म्हणजे पहिला आघात माथ्यावर येतो, आणि भेग बहुधा याच जागी जाते. पुढे कारखान्याने कोन चौदा अंशांवर आणला, कालांतराने पुन्हा सतरावर नेला, मध्यंतरी काही वर्षे त्या कमजोर जागी मागून लाकडाचा उंचवटा ठेवला व नंतर तोही काढून टाकला. ज्या उत्तराशी त्याच्या कर्त्यांनाच इतकी झटापट करावी लागली, ते घरच्या कारागिराने डोळे मिटून स्वीकारण्यास काही आधार नाही.

घरी काम करणाऱ्याने या दोहोंतून निवड कशी करावी? येथे पहिला साक्षीदार म्हणजे हाताशी असलेले लाकूड. १८० मिलिमीटर लांबीचा माथा चौदा अंशांनी झुकवून एकाच ठोकळ्यातून कोरावयाचा तर ठोकळा सुमारे साठ मिलिमीटर जाडीचा लागतो, आणि त्यातील बहुतेक लाकूड भुसा होऊन जाते. सपाट माथ्यास पंचवीस मिलिमीटरची फळी पुरते. परंतु या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि ती कारखान्यापेक्षा घरच्या कारागिरासच अधिक मानवणारी आहे. फळी हव्या त्या कोनात तिरपी कापावी, कापलेला तुकडा उलटून तिरप्या पृष्ठभागावर सरसाने जोडावा, म्हणजे झुकलेला माथा तयार होतो. त्यातील तंतू माथ्याच्याच दिशेने लांबवर धावतात, आणि वीस मिलिमीटर जाडीच्या फळीत चौदा अंशांच्या कापास ऐंशी मिलिमीटरहून अधिक लांबीचा सांधा मिळतो. हा सांधा नीट बसला तर अखंड ठोकळ्यातील तिरप्या तंतूंपेक्षा तो अधिक भरवशाचा असतो. स्पॅनिश गिटार घडवणारे कारागीर तो फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. कारखान्याला तो करताना हाताचे काम वाढते म्हणून नकोसा वाटेल. एकाच मानेवर दोन संध्याकाळ खर्च करणाऱ्यास ती अडचण नाही. त्याला हवा फक्त धारदार रंधा, दोन्ही पृष्ठभाग एकदम सपाट करण्याचे धैर्य, आणि क्लॅम्प आवळताना तुकडे घसरू नयेत अशी तजवीज. सागवानासारखे तेलकट लाकूड असेल तर पृष्ठभाग रंधल्याबरोबर, त्याच बैठकीत, जोडावा. तेल वर येऊ दिले तर सरस धरत नाही.

कोनाचा निर्णय झाला म्हणजे खुंट्यांच्या मांडणीचा प्रश्न येतो, आणि येथे डोळ्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवणे श्रेयस्कर. वरून पाहिले असता तार नटमधून सरळ रेषेत खुंटीकडे गेली, तर ती खाचेच्या एका भिंतीला घासत नाही. बाजूस वळली, तर झुकावाच्या घर्षणात या वळणाच्या घर्षणाची भर पडते. तीन-तीन खुंट्यांच्या रुंद माथ्यात मधल्या दोन तारा सर्वांत दूरच्या खुंट्यांकडे बाहेरच्या बाजूस वळत जातात, आणि त्यांतील तिसरी तार बेसूर होण्याबद्दल बदनाम झालेली आहे. सहा खुंट्यांच्या ओळीत हा दोष सहज टाळता येतो. नटपाशी शेजारच्या तारांमध्ये सुमारे सात मिलिमीटरचे अंतर असते, आणि खुंट्या एकमेकींपासून सुमारे पंचवीस मिलिमीटरवर बसवल्या, तर खुंट्यांची ओळ मानेच्या मध्यरेषेशी पंधरा-सोळा अंशांचा कोन करून तिरपी नेली असता सहाही तारा सरळ जातात. फेंडरच्या माथ्याची ती परिचित तिरकी कड एवढ्या साध्या त्रिकोणमितीत सांगता येते. तीन-तीनच्या मांडणीतही सरळ तारा साधता येतात, मात्र माथा टोकाकडे निमुळता करावा लागतो. आणि मग मागच्या बाजूस समोरासमोरच्या खुंट्यांच्या डब्या एकमेकींना भिडतात की काय, हे छिद्रे पाडण्यापूर्वी प्रत्यक्ष खुंट्या कागदावर मांडून पाहावे लागते. कोणी चार आणि दोन अशीही वाटणी करतात; माथा आखूड होतो व तारा सरळ राहतात. यांपैकी कोणतीही मांडणी घेतली, तरी एक बारकावा विसरू नये: तार दांड्याच्या मध्यातून जात नाही, तर त्याच्या कडेला स्पर्श करून गुंडाळली जाते, म्हणून छिद्राचा मध्य तारेच्या रेषेवर न घेता दांड्याच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, बाजूस घ्यावा.

माथ्याचा विचार कार्यापासून आरंभणाऱ्या घरच्या कारागिराचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून ज्याचे नाव घ्यावे असा मनुष्य म्हणजे ब्रायन मे. १९६३ साली, शाळकरी वयात, त्याने लंडनजवळच्या आपल्या घरी, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते असलेल्या वडिलांच्या मदतीने गिटार करावयास घेतली. मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी वापरली, तिला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांच्या तुकड्यांनी बुजवली, आणि हलत्या ब्रिजसाठी एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा घेतल्या. ब्रिज हलणार म्हणजे तारा सतत पुढेमागे सरकणार, हे त्याने आधीच जाणले होते. म्हणून त्याने तारा खुंट्यांकडे सरळ रेषेत नेल्या, आणि नटच्या जागी उंचीचे काम शून्य क्रमांकाच्या फ्रेटकडे सोपवले. 'रेड स्पेशल' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या गिटारचा माथा कोणाचीही नक्कल नाही, आणि ती गिटार घेऊन तो पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदातून जगभर वाजवीत हिंडला. या मुलापाशी ना कारखाना होता, ना पुरते पैसे. पण आपली अडचण कोणती हे त्याला अचूक ठाऊक होते, आणि माथ्याच्या बाबतीत तेवढे ज्ञान पुरेसे असते.

याच अडचणीवर इतरांनी दिलेली उत्तरे अधिक कठोर आहेत. फ्लॉइड रोझ याने नटपाशीच तारा स्क्रूने आवळून टाकणारी रचना केली, जिचे पेटंट १९७९ चे. ती बसवली म्हणजे नटपलीकडील भाग स्वराच्या हिशेबातून बाद होतो, आणि माथ्याला कोणताही आकार घेण्याची मुभा मिळते. ऐंशीच्या दशकातील टोकदार, भाल्यासारखे माथे या मुभेच्या काळात बहरले. नेड स्टाइनबर्गर याने तर १९८० च्या सुमारास बेसगिटारचा माथाच छाटला, खुंट्या ब्रिजकडे नेल्या, आणि दोन्ही टोकांस गोळ्या असलेल्या तारा वापरात आणल्या. तोलाच्या दृष्टीने हे उत्तर निरुत्तर करणारे आहे. सहा बंदिस्त खुंट्यांचे वजन दोनशे ग्रॅमच्या वर जाते, ते मानेच्या अगदी टोकास लटकते, आणि धड हलके असेल तर पट्टा गळ्यात घालून हात सोडताच मान जमिनीकडे झुकू लागते. परंतु माथा नाकारणाऱ्याने खास ब्रिज विकत घेण्याची तयारी ठेवावी, आणि तो ब्रिज मिळण्यापूर्वी लाकडास हात लावू नये. ज्यास माथा ठेवावयाचा आहे, त्याने निदान हलक्या, उघड्या दात्यांच्या खुंट्यांचा विचार करावा, आणि माथ्यावरील अनावश्यक लाकूड हे केवळ वजन आहे हे ध्यानात धरावे.

कायद्याची बाब वेगळी सांगितली पाहिजे, कारण गिरवणाऱ्यास तिची वार्ता सहसा नसते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी आपल्या माथ्यांच्या आकृती व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेल्या आहेत. १९७७ साली गिब्सनच्या मालकांनी, इबानेझ गिटारी विकणाऱ्या जपानी होशिनो पेढीच्या एल्गर या अमेरिकन शाखेविरुद्ध, फिलाडेल्फियाच्या न्यायालयात फिर्याद केली ती माथ्याच्या आकृतीवरूनच. प्रकरण पुढे आपसांत तडजोडीने मिटले. उलट २००९ साली फेंडरने आपल्या धडांच्या बाह्यरेषा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याची केलेली मागणी तेथील अपील मंडळाने फेटाळली. त्या आकृती इतक्या सार्वत्रिक झाल्या आहेत की त्यांवरून कर्ता ओळखू येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. फेंडरचे धड तेथे सर्वांचे झाले, माथा मात्र कर्त्याचा राहिला. स्वतःपुरती गिटार करणाऱ्याच्या दारी कोणी बेलिफ पाठवील असे नाही. पण पुढेमागे दोन गिटारी विकण्याचा ज्याचा मानस असेल, त्याने परक्याची बाह्यरेषा आपल्या लाकडावर उतरवताना दोनदा विचार करावा, आणि विक्रीपूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

पुस्तकाची रचना या विवेचनाच्या क्रमानेच केलेली आहे. पहिल्या प्रकरणात लाकूड, त्याचे तंतू आणि सांधे यांचा विचार आहे; दुसऱ्यात कोन व खुंट्यांची मांडणी, मापांच्या कोष्टकांसह; तिसऱ्यात नट, घर्षण आणि सुरांचे दोष शोधण्याची रीत; चौथ्यात तोल व वजन; आणि बाह्यरेषेला शेवटचे, सर्वांत आखूड प्रकरण दिले आहे. पुष्कळ वाचक प्रथम तेच उघडतील याची कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगणे, की खुंट्यांच्या जागा व तारांच्या रेषा एकदा कागदावर पक्क्या झाल्या, की बाह्यरेषेचे निम्मे काम आपोआप उरकते: प्रत्येक खुंटीभोवती पुरेसे लाकूड राहावे, कळ फिरवताना बोटे अडखळू नयेत, आणि नटच्या मागे लाकूड एकाएकी बारीक होऊ नये, या तीन अटी पाळून जी रेषा निघेल तिच्यात सौंदर्याला वावही पुरेसा असतो व उच्छृंखलतेला आळाही बसतो.

प्रथमच गिटार करणाऱ्यास आडवळणाने सांगण्यापेक्षा सरळ शिफारस केलेली बरी. ज्याच्यापाशी पातळ फळी व थोडी हत्यारे आहेत त्याने सपाट माथा, एका ओळीत सहा खुंट्या आणि चढत्या-उतरत्या उंचीचे दांडे ही योजना घ्यावी. तीत चुकण्याच्या जागा सर्वांत कमी आहेत. ज्याचा हात रंध्यावर बसलेला आहे व ज्याला चकती नको आहे त्याने जोडाचा माथा करावा, पण झुकाव दहा-बारा अंशांवर ठेवावा. तेवढ्याने दाब पुरतो, आणि गिटार पडली तर ती वाचण्याचा संभव वाढतो. सतरा अंशांचा अखंड ठोकळा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिटारसाठी राखून ठेवावा. कोणतीही योजना घेतली तरी चांगल्या लाकडाला करवत लावण्यापूर्वी टाकाऊ फळीच्या तुकड्यावर पूर्ण आकाराचा माथा कापावा, खुंट्या बसवाव्या, नट चिकटवावा आणि तारांच्या जागी दोरा ओढून रेषा तपासाव्या. या एका उपद्व्यापाने वाचणारे लाकूड आणि मनस्ताप यांचा जमाखर्च कोणीही मांडून पाहावा.

माथा साधला की नाही, याची अखेरची परीक्षा सोपी आहे व ती कोणासही घेता येते. नव्या तारा चढवून त्या पुरेशा ताणून घ्याव्या, तिसरी तार तिच्या स्वराला अचूक लावावी, मग मानेच्या मध्यावर ती दाबून पूर्ण एका स्वराने चढेल इतकी आडवी ओढावी व सोडावी, आणि पुन्हा मोकळी वाजवून यंत्रावर पाहावी. ती मूळ स्वरावर परतली असेल तर बाह्यरेषा कोणतीही असो, माथा योग्य निवडला गेला असे समजावे. परतली नसेल, तर प्रथम खाच, मग तारेची रेषा, मग झुकाव, या क्रमाने तपास कसा करावयाचा याचा तपशील तिसऱ्या प्रकरणात दिला आहे.